गॉब्लिन खेळतात, दशावतार भिंतीवर

परवा रविवारी नागपुरात आमच्या हॉलमध्ये १०० पत्ते पसरून बसलो होतो. काकाजी आले. एक पत्ता उचलून त्यावरचं लांब कानांचं, दात विचकणारं ध्यान बघितलं आणि म्हणाले, "काहून बे, इंजिनिअर होऊन भुतं जमवून राहिला? आपली गंजिफा माहीत आहे का तुले?" आणि भिंतीकडे बोट. तिथं सावंतवाडीहून आणलेले दशावताराचे चार गोल पत्ते काचेमागे लटकलेत.

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने काढला. गॉब्लिन त्यात पहिल्या संचापासून आहेत. चिल्लर, भांडखोर, एकटे असले तर कुचकामी. माझ्या डेकचा म्होरक्या क्रेंको. मैदानात जितके गॉब्लिन, तितकेच नवे तो दर खेपेला आणतो. एकाचे दोन, दोनाचे चार, पाचव्या खेपेला ३२. 'गॉब्लिन ग्रेनेड' या पत्त्यात आपलाच एक गॉब्लिन बळी द्यायचा आणि समोरच्याला ५ चा फटका मारायचा. डेकमध्ये डोंगराचे पत्ते ३३ ठेवू की ३५, यावर मी दोन रात्री घालवल्या. डोंगर कमी पडले तर गॉब्लिन हातातच अडकतात. जास्त झाले तर गॉब्लिनच येत नाहीत.

आता गंजिफा. दशावतारी संचात १० रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण १२० पत्ते, तिघांत ४०-४०. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा राजावाला. कुठल्याही इंजिनिअरला वेड लागेल असा हा खेळ आहे!

पण हे मला काकाजींनी सांगितलेलं नाही. "खेळता येते का तुम्हाले?" विचारलं, तर नुसते हसले.

माझा राग या हसण्यावर आहे. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कलाकाराकडून शिकून ही कला १९७०च्या दशकात पुन्हा उभी केली. त्यांनी पत्ते वाचवले. आपण गिऱ्हाईकांनी काय केलं? फ्रेम केली. १२० पैकी चार पत्ते टांगणं म्हणजे बुद्धिबळातला एक घोडा शोकेसमध्ये ठेवून स्वतःला खेळाडू म्हणवणं. वर पोट्ट्यांना टोमणा, की तुम्ही परक्याचं खेळता!

गॉब्लिन परके असतील, पण त्यांचे कोपरे माझ्या हातांनी झिजलेत. खेळ झिजल्यानेच जगतो.

कोणी म्हणेल, स्वस्त छापील गंजिफा आली तर हाताने रंगवणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल. मला उलटं वाटतं. प्लास्टिकच्या बॅटने खेळणारं पोरगंच पुढे चांगली बॅट मागतं. ज्याला खेळच माहीत नाही, तो पूर्ण संच कशाला घेईल?

तर काकाजी, पुढच्या रविवारी मी जाड कागदावर १२० पत्ते छापून आणतो. तुम्ही काचेमागचे चार खाली काढा. दिवसा बसू, म्हणजे रामापासून सुरुवात. तिसरा गडी तेवढा शोधून ठेवा.