जोड कोरडा झाल्याशिवाय धरत नाही

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, कोणत्याही जुन्या सोसायटीच्या कमिटीला विचारा. वरच्या घरातली नळी गळते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते, ही तक्रार तिथे ठरलेलीच. प्लंबर येतो, जोडावर काहीतरी थापून जातो, दोन महिन्यांनी भिंतीला पुन्हा पोपडे सुटतात आणि दोष प्लंबरच्या हाताला दिला जातो. काही वेळा तो रास्तही असतो. पण अशी दुरुस्ती वारंवार फसते ती बहुतेकदा आपल्यामुळे. नळी पूर्ण कोरडी होईल एवढा वेळ आणि तेवढे सहकार्य आपण कारागिराला देतच नाही.

हे तांब्याच्या नळीवर सर्वांत स्पष्ट दिसते. आपल्याकडे पाण्याच्या नळ्या बहुतांशी जीआय किंवा सीपीव्हीसीच्या असल्या, तरी काही इमारतींत गीझरच्या गरम पाण्यासाठी तांब्याची नळी भिंतीतून नेलेली असते आणि तिचे जोड डाख देऊन केलेले असतात. डाख कसा धरतो हे ज्यांनी कल्हईवाला पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. तो आधी भांडे घासून लख्ख करायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मगच कथील फिरवायचा. मळलेल्या किंवा थंड भांड्यावर कथील पसरत नाही, गोळा होऊन बाजूला पडते. नळीचे तत्त्व तेच, नवसागराच्या जागी फ्लक्स असतो एवढाच फरक. नळी आणि फिटिंग यांच्यात केसाएवढी फट असते. धातू पुरेसा तापला की वितळलेला डाख त्या फटीत आपोआप ओढला जातो. जोडाची ताकद या आतल्या पातळ थरात असते, बाहेर दिसणाऱ्या डाखाच्या गोळ्यात नसते.

आता नळीत थोडे पाणी राहिले आहे असे समजा. कथील वितळायला 232 अंश सेल्सिअस लागतात, तर पाणी 100 अंशांना उकळू लागते. ते पाणी संपेपर्यंत बर्नरची उष्णता वाफ करण्यातच खर्च होते आणि जोड हव्या त्या तापमानाला पोहोचत नाही. कारागिराने ज्योत वाढवली तर फ्लक्स जळून काळा पडतो, शिवाय निसटणारी वाफ डाखात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडते. म्हणून गळक्या जोडावर वरून आणखी डाख ओतणे व्यर्थ आहे. पाणी काढून टाकायचे, जोड तापवून सोडवायचा, जुना डाख पुसायचा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासायचे, फ्लक्स लावायचा आणि शक्यतो नवे फिटिंग घालून नव्याने डाख द्यायचा, हीच खरी दुरुस्ती. डाख शिसेमुक्तच हवा. अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी शिशाच्या डाखावर 1986 मध्येच बंदी घातली. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या तांब्याच्या नळीला मात्र गॅस कंपनीच्या माणसाखेरीज कोणी हात लावू नये.

नळी कोरडी करणे मात्र एकट्या प्लंबरच्या हातात नसते. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी एकच लाइन एकाखाली एक अशा अनेक घरांना पाणी देते. तिचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे फिरवलेला नसतो, त्यामुळे तो पूर्ण बंद होत नाही आणि बारीक धार चालूच राहते. त्यात कोणी तासाभरातच पाणी सोडा म्हणून ओरडते. अशा धारेवर जगातला उत्तम कारागीरही पक्का जोड करू शकणार नाही. सीपीव्हीसीलाही हेच लागू आहे, कारण ओल्या नळीवर सॉल्व्हंट सिमेंट नीट धरत नाही आणि सुकायला वेळ न देता दाब सोडला तर जोड सरकतो. मोठ्या जलवाहिनीची गतही निराळी नसते. 30 नोव्हेंबर 2023 रोजी अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ मेट्रोच्या कामात 1800 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली, तेव्हाही आधी पाणी उपसावे लागले, मगच दुरुस्ती झाली आणि तोवर उपनगरांतल्या मोठ्या भागाने कळ सोसली. शहर जे सोसते ते एका विंगने अर्धा दिवस सोसायला काय हरकत आहे?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की एम-सील लावून काम भागते, मग टाइल्स कशाला फोडायच्या? रात्र निभावून नेण्यापुरते एम-सील ठीक आहे. पण गरम पाण्याची नळी रोज फुगते आणि आकसते, त्यामुळे बाहेरून चिकटवलेले लिंपण कधीतरी सुटतेच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार-पाच लिटर पाणी. बादलीत ते थोडे वाटते, पण भिंतीत मुरले की लोखंडी सळया गंजतात, फुगतात आणि काँक्रीट फोडतात. तेव्हाचा खर्च टाइल्सच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा असतो. दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. आजारी, वृद्ध आणि लहान मुले असलेल्या घरांनी पाण्यावाचून कसे राहायचे? त्यासाठीच दोन दिवस आधी सूचना लावावी, दुपारची वेळ निवडावी आणि गरजू घरी पाणी भरून द्यावे. अचानक पाणी बंद करून घाईत केलेली दुरुस्ती पुन्हा फसते आणि याच घरांना तीनदा त्रास देते. सगळी लाइनच प्लास्टिकची का करू नये, असेही विचारले जाते. नळी जागोजागी झिजली असेल तर जरूर करावी, पण एका फसलेल्या जोडासाठी चांगली नळी उपटण्याचे कारण नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या जलवाहिन्या, पंप आणि टाक्या ही संस्थेची जबाबदारी आहे, तर घरातल्या संडास-सिंकची अंतर्गत गळती सभासदाची. खर्चाची ही विभागणी योग्यच आहे. पण घरातली गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची म्हटली, तरी गच्चीवरचा व्हॉल्व्ह संस्थेच्याच ताब्यात असतो. म्हणून प्रत्येक सोसायटीने तीन गोष्टी कराव्यात. सगळे व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा फिरवून पाहावेत आणि न बसणारे बदलावेत. कोणती लाइन कुठल्या घरांना जाते याचा नकाशा कार्यालयात लावावा. आणि दुरुस्तीसाठी अर्धा दिवस पाणी बंद ठेवण्याचा नियम सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा. कारागिराला कोरडी नळी मिळाल्यावरही जोड गळला, तर त्याला जरूर जाब विचारावा. तोवर त्याच्या हाताला दोष देण्याआधी गच्चीवर जाऊन आपला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का, ते पाहावे.