एमडीचा भाव कोटींत, पण पुडीत नेमकं काय? कुरकुंभ ते विटा, कारवायांचा हिशोब

एमडी म्हणजेच मेफेड्रोनचा साठा पकडला की मोबाईलवर आधी झळकतो तो कोटींचा आकडा. गेल्या काही वर्षांतले हे आकडे शेजारी शेजारी मांडले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखान्याच्या प्रकरणात सुमारे दीडशे किलो माल, किंमत ३०० कोटी. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळीत सुमारे १२२ किलो, २४५ कोटी. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत सुमारे साडेचौदा किलो, २९ कोटी. फेब्रुवारी २०२४ च्या कुरकुंभ प्रकरणात तर पुणे, दिल्ली, कुपवाडसह सतराशे किलोहून अधिक माल आणि साडेतीन हजार कोटींच्या पुढचा आकडा.

भागाकार करून बघा. सगळीकडे किलोला साधारण दोन कोटी, म्हणजे ग्रॅमला वीस हजार रुपये येतात. कांद्याचा भाव आठवड्यात बदलतो, मग हा भाव वर्षानुवर्षे एकाच जागी कसा? कारण हा अंदाजाने धरलेला दर आहे. प्रत्यक्ष व्यवहाराची पावती कुठेच नसते.

भाव तोच, माल पातळ

डेअरीत दूध घातलं की मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवतं, त्यावर दर ठरतो. पुडीला असं मशीन नाही. माल कमी पडला की विकणारा दरवेळी भाव वाढवतोच असं नाही. पुडी तेवढीच ठेवून आत भेसळ वाढवतो. घेणाऱ्याला वाटतं भाव स्थिर आहे. खरं तर तो वाढलेला असतो.

धोका इथेच आहे. आज भेसळीची पुडी, उद्या कडक. तेवढंच प्रमाण घेतलं तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झोप उडते, भास होतात, संशय वाढतो.

कायदा भेसळ वजा करत नाही

'माल हलका होता' म्हणून सुटका नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, अमली पदार्थात मिसळलेल्या इतर पदार्थांचं वजनही धरलं जाईल. एमडीसाठी ५० ग्रॅमपेक्षा जास्त वजन म्हणजे व्यावसायिक मात्रा. पन्नास ग्रॅमहून जास्त वजनाच्या पाकिटात खरा माल दहाच ग्रॅम असला, तरी गुन्हा पूर्ण वजनाचा. शिक्षा दहा ते वीस वर्षे, किमान एक लाख दंड, आणि जामीन मिळणं फार अवघड. थोड्या पैशांसाठी पाकीट पोचवणाऱ्या पोराला हे कुणी सांगत नाही.

शेड भाड्याने देणाऱ्यांनीही सावध राहावं. जाणूनबुजून अशा कामाला जागा दिली तर मालकालाही तीच शिक्षा. भाडं नेहमीपेक्षा जास्त, काम फक्त रात्री, केमिकलचा उग्र वास, मालकालाच आत जायला बंदी, अशी लक्षणं दिसली की गप्प बसू नये.

माहिती द्यायची असेल तर १९३३, तातडीचं असेल तर ११२. घरातलं कुणी अडकलं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वर फोन करा. पुढच्या वेळी कोटींचा आकडा आला, की तो माल कुणाच्या शेडमध्ये होता आणि कुणाच्या पोराच्या हातून जाणार होता, हेही वाचा.