दाखल्याची मुदत कोणी सांभाळायची?



ऊस विकास विभागाच्या माणसाने वेबसाईटवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल हे सगळे आता मोबाईलवर बघायची पद्धत पडली आहे, आणि ते पान उघडले नाही की फोन गट ऑफिसात येतो. आपल्या जावळीत तर हे जास्तच. घरटी एखादा माणूस मुंबईला असतोच. मेढ्याकडच्या रानात ऊस वडिलांचा आणि वजनाचा आकडा बघणारा मुलगा तुर्भ्याच्या मार्केटात. त्याला कारखाना म्हणजे ते मोबाईलचे पान.

अशा पानाच्या जागी एखाद्या सकाळी लाल खूण येते, की हे कनेक्शन सुरक्षित नाही. पुष्कळदा घडलेले एवढेच असते, की वेबसाईटच्या सुरक्षा दाखल्याची मुदत संपलेली असते. हा दाखला म्हणजे काय, ते वजनकाट्यावरून समजून घ्या. काटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो. तारीख उलटली म्हणून काटा लगेच चुकीचे वजन दाखवतो असे नाही. पण सभासद त्यावर गाडी चढवायला का-कू करतो, आणि बरोबरच करतो. वेबसाईटचा दाखला मान्यताप्राप्त संस्था देते. पत्त्यात जे नाव दिसते त्याच ठिकाणी तुम्ही पोचलात, हे त्यावरून ठरते, आणि मधल्या वाटेवर तुमचा मजकूर कोणाला वाचता येत नाही. मात्र पलीकडचा माणूस सच्चा की लबाड, हे तो सांगत नाही. चोरांच्या पानांनाही दाखला मिळतो. क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याजवळचे कुलूप काढून टाकले, ते कुलूप बघून लोक नको तेवढे निर्धास्त होत होते म्हणूनच.

आता मुदतीचे बघा. २०१८ च्या आधी हा दाखला तीन वर्षांचा मिळायचा. मग सव्वादोन वर्षांवर आला. १ सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस झाला. एप्रिल २०२५ मध्ये दाखले देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाल्या कंपन्यांनी मिळून पुढचा टप्पा ठरवला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. कारण पटण्यासारखे आहे. दाखल्याची गुप्त किल्ली चोरीला गेली, तर मुदत जितकी लांब तितके दिवस चोराला ती वापरता येते, आणि मधेच दाखला रद्द केल्याची वर्दी सगळ्या ब्राउझरांपर्यंत नीट पोचत नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीलाही ९ महिन्यांची मुदत असते, पुढे वापरायचे तर पुन्हा तपासणी. त्यातलाच हा प्रकार.

अडचण आहे ती आपल्या सहकारी कारभाराच्या चालीची. दाखला घ्यायचा म्हणजे कोटेशने मागवायची, खरेदी समितीपुढे ठेवायची, मंजुरी, मग धनादेश. वर्षातून एकदा हे जमून जात होते. ४७ दिवसांत तर कोटेशनेसुद्धा येत नाहीत! आणि गंमत अशी, की पैशाचा प्रश्नच उरलेला नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ९० दिवसांचे दाखले फुकट देते, आणि नूतनीकरण यंत्रच आपोआप करते. खर्च आहे तो लक्ष ठेवण्याचा, आणि तोच आपण धरत नाही. कोणत्याही संस्थेत विचारा, उत्तर ठरलेले: “ते कॉम्प्युटरवाले बघतात.” कोण कॉम्प्युटरवाले? स्मरणपत्राची मेल जाते ती नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. लेट्स एन्क्रिप्टने तर मुदतीची आठवण देणाऱ्या मेल जून २०२५ मध्ये बंदच केल्या.

हे थोरामोठ्यांचेही झाले आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या यंत्रणेतला एक दाखला मुदतबाह्य झाला आणि इंग्लंडात ओ-टू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाईल इंटरनेट दिवसभर बंद पडले. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टचे टीम्स याच कारणाने काही तास अडले.

यंत्रावर सोपवले म्हणजे झाले, असेही नाही. नवा दाखला येऊन पडतो, पण सर्व्हरने तो उचललेला नसतो, म्हणजे नवी पावती कपाटात आणि काट्यावर जुनाच शिक्का. म्हणून रोज बाहेरून वेबसाईट उघडून तिथे कोणती तारीख दिसते ते तपासणारी सोय पाहिजे, आणि तिचा इशारा दोन नावानिशी नेमलेल्या माणसांना गेला पाहिजे. एक रजेवर असेल तर दुसरा. मेलचा पत्ता खात्याचा असावा, व्यक्तीचा नको.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र निराळाच आहे. लाल खूण आली की फोनवर सर्रास सांगितले जाते, “ॲडव्हान्स्ड दाबा आणि जा पुढे, काही होत नाही.” असे सांगणे बंद झाले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला लावले, ते लोकांना खरा पत्ता ओळखता यावा म्हणून. एकीकडे ही खटपट, आणि दुसरीकडे आपणच म्हाताऱ्या सभासदाला इशारा ओलांडायला शिकवायचे? उसाचे बिल ज्या खात्यात जमा होते, ते खाते त्याच मोबाईलवर आहे. उद्या कारखान्याच्या नावाचे बनावट पान आले, तर तो तिथेही तेच बटण दाबील.

आडसालीची नोंद जुलै-ऑगस्टात येते. त्याआधी दोन माणसांची नावे आणि बाहेरून तपासणीची सोय हा विषय संचालक मंडळापुढे यावा, अशी माझी विनंती आहे. कोटेशनच्या फाईलमध्ये तो जाऊ नये. तोवर लाल खूण दिसली तर सभासदांनी पुढे न जाता पान बंद करावे, पत्ता नीट टाईप केला होता का ते एकदा बघावे, आणि गट ऑफिसला फोन करून किती वाजता दिसली तेवढे सांगावे. नोंद कागदावर घेण्याची सोय गट ऑफिसात आहेच.