स्क्रीनवरची हिरवी रेघ

नव्या लॅपटॉपचा वास घेतलाय कधी? मी घेतलाय. खोटं कशाला बोलू! बासष्ट हजारांचा, बारा हप्त्यांचा आणि आयुष्यात पहिल्यांदाच ऑफिसचा नसलेला, अगदी माझा स्वतःचा लॅपटॉप. पहिले आठ दिवस त्याला दिवाळीतल्या नव्या ड्रेससारखा जपला. कीबोर्डवर ठेवलेला पातळ कागदसुद्धा टाकवेना.

नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन झाकण उघडलं, तर स्क्रीनच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. केसाएवढी बारीक. रुमालाने पुसली, गेली नाही. रीस्टार्ट केलं, तर कंपनीच्या लोगोलाही छेदून बाई उभीच!

दुकानात फोन केला. 'मॅडम, रिप्लेसमेंट सात दिवसांच्या आत. आता तुम्ही सर्व्हिस सेंटरला जा.'

गेले. शनिवार, टोकन नंबर ४१, एसी बंद. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडला, अर्धा मिनिट पाहिला आणि म्हणाला, 'हे प्रेशर डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही. पॅनल बदलायचं तर चौदा हजार.' जॉबशीट माझ्याकडे सरकवली. त्यावर 'फिजिकल डॅमेज' आधीच लिहिलेलं. खाली सहीची जागा.

आणि मंडळी, मी पेन उचललं होतं! मागे वीस माणसं घड्याळाकडे बघत उभी. वाटलं, असेल बाबा, बॅगेत दाब पडला असेल. जाऊ दे, भरून टाकू.

नशीब, आमच्या आयटी सपोर्टमधल्या मित्राचा तेवढ्यात फोन आला. तो ओरडलाच, 'सही करू नकोस! आधी स्क्रीनशॉट काढ आणि मला पाठव.' पाठवला. त्यात रेघ नव्हती. म्हणजे रेघ सॉफ्टवेअरच्या चित्रात नव्हती. मग तिथल्याच एका मॉनिटरला एचडीएमआय वायरने लॅपटॉप जोडायला लावला. मॉनिटरवर सगळं लख्ख. म्हणजे ग्राफिक्सही ठीक. उरलं काय? स्क्रीनचं पॅनल, नाहीतर बिजागरातून तिच्याकडे जाणारी केबल. झाकण हळूच मागेपुढे करून पाहिलं. केबल ढिली असती तर रेघ लुकलुकली असती. ही ढिम्म हलली नाही. आणि दाबाने फुटलेल्या स्क्रीनवर बहुतेकदा तडा दिसतो किंवा शाई सांडल्यासारखा डाग. इथे दोन्हीपैकी काही नव्हतं. एवढं सगळं मी काउंटरवरच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, 'तसं आत उघडल्यावरच कळेल.' म्हटलं, 'मग उघडायच्या आधी डॅमेज कसं लिहिलंत?'

त्या दोन शब्दांवर त्याला रेघ मारायला लावली. शेजारी लिहिलं, 'बाहेरून तडा, पोचा किंवा ओरखडा नाही.' दोघांनी सही केली. जॉबशीटचा आणि लॅपटॉपचा चारी बाजूंनी फोटो काढला. फायलींचा बॅकअप मात्र घरूनच घेऊन गेले होते. रिपेअरला दिलेल्या मशीनमधला डेटा ही आपलीच जबाबदारी.

संध्याकाळी बाबांना फोन केला. जरा रडवेल्या सुरात. ते शांतपणे म्हणाले, 'बिल आहे ना? मग लेखी दे.'

बिल काढून पाहिलं. सात दिवसांचा त्यावर उल्लेखच नाही! आणि आपल्याकडचा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू झाला २०२० च्या जुलैत) सांगतो की सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. माझा होता दहावा दिवस.

मग एक ईमेल लिहिला. दुकानाला आणि कंपनीला, दोघांनाही एकत्र. तारखा, बिल, फोटो, स्क्रीनशॉट, जॉबशीट. 'पॅनल मोफत बदला, नाहीतर पैसे परत करा. सात दिवसांत उत्तर द्या.' बारा ओळी, त्यात एकही उद्गारचिन्ह नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि तिचा नंबर तुमच्या हातात राहतो. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही.

माझ्यावर ती वेळ आली नाही. बाराव्या दिवशी नवीन पॅनल बसलं. मोफत. चौदा हजारांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

लॅपटॉप मिळाल्याचा आनंद झालाच, पण डोक्यात एक गोष्ट अडकून बसली. ऑफिसात आपण दिवसभर हेच तर करतो! क्लायंट काही तोंडी बोलला की दहा मिनिटांत 'आपलं ठरल्याप्रमाणे' म्हणून मेल. कुठल्याही कागदावर न वाचता सही नाही. कंपनीच्या पैशांसाठी आपण वाघ. आणि स्वतःच्या घामाच्या बासष्ट हजारांसाठी? काउंटरपाशी उभं राहून, 'असू दे, जाऊ दे.' भांडखोर दिसू, ही एवढीच भीती. चौदा हजारांची भीती!

तर पुढचा लॅपटॉप घ्याल तेव्हा वास जरूर घ्या. पण पहिल्याच दिवशी स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग पूर्ण भरून नीट बघा. बिलावरची बारीक अक्षरं वाचा. बॉक्स महिनाभर फेकू नका.

परवा बाबांनी विचारलं, 'गेली का गं ती रेघ?'

म्हटलं, 'स्क्रीनवरची गेली. जॉबशीटवरची जपून ठेवलीय.'