साळखात्याचे छप्पर

मुंबईच्या बंद गिरण्यांविषयी लिहिताना चिमणीचा उल्लेख हटकून होतो, छपराचा होत नाही. कापड जिथे विणले जाई त्या साळखात्याचे छप्पर बहुधा करवतीच्या दातांसारखे असे. प्रत्येक दाताची उभी, काचेची बाजू उत्तरेला. मागावर ऊन न येता दिवसभर सारखा उजेड राहावा म्हणून. साहजिकच दुसरी, उतरती बाजू दक्षिणेकडे. आपल्याकडे सौर पॅनेलांची तोंडे ज्या दिशेला करतात, नेमकी तीच ही दिशा.

वापरात नसलेल्या कारखान्यांच्या इमारती स्वतःच्या विजेवर चालवाव्यात, ही कल्पना आम्हांस या छपरामुळे पटते. तिला एक जुना हिशेबही आहे. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तीही पाण्यापासूनची, म्हणजे आजच्या भाषेत 'अक्षय'च. पुढे अशाच विजेसाठी मुळशीचे खोरे बुडाले. १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह, सेनापती बापटांसारखा माणूस पुढे असूनही, ते थोपवू शकला नाही. 'अक्षय' म्हणजे निरुपद्रवी असे समजणाऱ्यांनी (आणि असे समजणारे पुष्कळ आहेत) मुळशी आठवावी. छपरावरच्या विजेपायी कोणाची भातखाचरे पाण्याखाली जात नाहीत.

पण मुंबईत ग्रिडची वीज हाताशी असता ती टाळायची कशाला? हिशेब मांडून पाहू. एक किलोवॉटच्या पॅनेलांना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. दहा हजार चौरस फुटांचा उतार चारशे युनिटे देईल, पावसाळ्यात बरीच कमी. बॅटऱ्या महाग, आणि काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या. जुन्या कैच्या हा भार पेलतील का, तेही आधी तपासायला हवे. एवढ्यावर वातानुकूलित मॉल चालणार नाही. ग्रंथालय, रात्रशाळा, शिवणकामाचा वर्ग चालेल. आम्हांस हा गुणच वाटतो. १९८२च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर काय काय उभे राहिले ते पाहता, इमारतीची भूक तिच्या छपराने ठरवलेली बरी.

मात्र त्या जमिनींवरचे मनोरे जिथे दक्षिणेला आहेत, तिथे उरल्यासुरल्या छपरांवर त्यांची सावली येणार. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज बरीच घटते. तेव्हा वारसा म्हणून एखादी गिरणी राखताना भिंतींबरोबर तिच्या दक्षिणेचे आकाशही मोजून नोंदवले जावे, आणि तेही शेजारच्या मनोऱ्याला परवानगी देण्याआधी.