स्टार्टअपच्या नोकऱ्यांचे संकेतस्थळ कसे असावे?



प्राथमिक शिक्षकाने स्टार्टअप कंपन्यांच्या नोकऱ्यांवर का लिहावं, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. आपल्या हाताखालून गेलेली मुलं आता नोकरी शोधतात आणि मोबाईलवरची जाहिरात दाखवून विचारतात, "सर, ही कंपनी खरी आहे का?" बहुतेक वेळा त्या जाहिरातीत याचं उत्तर नसतं. यात मुलांचा दोष नाही. जाहिरात जिथे लावली जाते, त्या संकेतस्थळाचा आहे.

१६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू झाली आणि हा शब्द गावोगावी पोहोचला. मोठ्या कंपनीचं नाव घरच्यांच्या कानावर असतं. आठ-दहा माणसांच्या नव्या कंपनीचं कुणालाच माहीत नसतं. म्हणून तिची जाहिरात इतरांपेक्षा जास्त बोलकी हवी. माझ्या मते पुढील पाच गोष्टी सक्तीच्या असाव्यात.

१) पगाराचा आकडा : आपल्या शिक्षणसेवकाचं उदाहरण घ्या. प्राथमिकला मानधन ६,००० रुपये होतं, जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं. ते पुरतं का, यावर आपण जरूर भांडू. पण अर्ज भरण्याआधी आकडा माहीत असतो. स्टार्टअपच्या जाहिरातीत मात्र अनेकदा 'आकर्षक वेतन' एवढंच! अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत 'किमान इतका ते कमाल इतका' असा पगार देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? रकाना रिकामा असेल तर जाहिरात लागणार नाही, एवढा नियम पुरे. शिवाय 'सीटीसी'मध्ये कंपनी भरते तो भविष्य निर्वाह निधीही धरलेला असतो. म्हणून हातात किती येणार, हे वेगळं लिहावं.

२) शेअर वेगळे, पगार वेगळा : पगार कमी आणि 'ईसॉप' भरपूर, असं आमिष असतं. ईसॉप म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क. तो साधारणपणे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतो आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बहुधा काहीच मिळत नाही. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे शेअर विकणंही अवघड. त्यातून घरभाडं भागत नाही. हे मराठीत दोन ओळींत समजावलेलं असावं.

३) कंपनीची ओळख : स्थापनेचं वर्ष, माणसं किती, पत्ता कुठला, पैसा ग्राहकांकडून येतो की गुंतवणूकदारांकडून. सरकारी मान्यता असेल तर तिचा क्रमांक. अर्थात मान्यता म्हणजे पगाराची हमी नव्हे, हेही सांगावं.

४) कामाचं स्पष्ट वर्णन : स्टार्टअपमध्ये एकाच माणसाला चार कामं करावी लागतात, हे मान्य. मग ती चारही लिहा. 'आधीपासून यायलाच हवं' आणि 'इथे शिकवू' असे दोन रकाने करा. दुसरा रकाना वाचूनच तालुक्याच्या मुलीला अर्ज करायचं धाडस होईल.

५) मुदत आणि उत्तर : तीस दिवसांनी जाहिरात आपोआप उतरावी. अर्ज करणाऱ्याला हो किंवा नाही कळावं. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्या कंपनीला तर थेट दार बंद.

यावर कंपन्या म्हणतील, 'पगार उघड केला की प्रतिस्पर्ध्याला कळतो.' कळू द्या! पाचव्या फेरीनंतर पगार ऐकून उमेदवार निघून गेला, तर कंपनीचाही वेळ वाया जातोच ना? संकेतस्थळ चालवणाऱ्यांची अडचण जास्त खरी आहे. त्यांना जाहिरातीमागे पैसे मिळतात. नियम कडक केले तर जाहिराती घटतील. पण नुसता पट फुगला म्हणून आपण शाळेला चांगली म्हणतो का? मुलं शिकली का, हे बघतो. तसंच इथेही जाहिराती किती लागल्या यापेक्षा किती जणांना नोकरी लागली आणि सहा महिन्यांनी किती जण टिकले, हे मोजावं. तेच आकडे पहिल्या पानावर टाकावेत. चांगल्या कंपन्या अशाच ठिकाणी पैसे मोजून येतील.

असं संकेतस्थळ उद्याच मिळेल असं नाही. तोवर आपण एक करू शकतो. जाहिरात वाचणं आपण मराठीच्या तासाला शिकवतोच. पुढच्या वेळी साबणाच्या जाहिरातीबरोबर नोकरीचीही एक जाहिरात घ्या आणि मुलांना दोनच प्रश्न विचारा : यात काय सांगितलंय? आणि काय सांगितलेलं नाही? पालकहो, मोठी मुलं घरी अर्ज भरत असतील तेव्हा तुम्हीही हेच विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायची सवय लागलेलं मूल सहजासहजी फसणार नाही.