इमॅन्युएलचं रॅप



परवा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतली मुलं बाकावर ठेका धरून भराभर काहीतरी म्हणत होती. मला वाटलं, चला, पाढे पाठ करतायत! तर म्हणे, "बाई, हे रॅप आहे." मग मी त्यांना इमॅन्युएल जालची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

आफ्रिकेचा नकाशा उघडा आणि इजिप्तच्या खाली सुदान शोधा. १९८३ ते २००५ अशी तब्बल बावीस वर्षं तिथे उत्तर आणि दक्षिण भागांत यादवी युद्ध चाललं. यादवी म्हणजे एकाच देशातली माणसं आपसांत लढतात ती लढाई. इमॅन्युएल दक्षिणेतला. आपली खरी जन्मतारीखही त्याला ठाऊक नाही. आई युद्धात गेली. शाळा मिळेल या आशेनं तो इतर मुलांबरोबर चालत इथिओपियाला गेला, पण हातात पाटीऐवजी बंदूक आली. वय किती? तुमच्याएवढंच, किंवा तुमच्याहून लहान!

पुढे एमा मॅक्यून नावाच्या ब्रिटिश बाईंनी त्याला विमानात लपवून केनियाला, नैरोबीला आणलं आणि शाळेत घातलं. १९९३ मध्ये मोटार-अपघातात त्याही गेल्या. पोर पुन्हा पोरकं झालं. पण शाळा सुटली नाही, आणि गाणं सापडलं.

त्याचं 'ग्वा' हे गाणं केनियात खूप गाजलं. त्याच्या नुएर भाषेत ग्वा म्हणजे चांगलं. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त आवडते. उत्तरेकडचे लोक आपले शत्रू, असं मनात धरूनच तो वाढला होता. द्वेष खूप होता, हे तो स्वतःच सांगतो. आणि २००५ मध्ये त्यानं गाणी केली ती उत्तरेकडच्याच अब्देल गादिर सालिम या ज्येष्ठ गायकाबरोबर! एक ख्रिस्ती, एक मुसलमान. गाण्यांच्या संचाचं नाव 'सीझफायर', म्हणजे युद्धबंदी.

नंतर गावाकडे शाळा बांधायला पैसे हवेत, म्हणून कित्येक महिने तो दिवसातून एकदाच जेवला. आपल्याला डबा पाच मिनिटं उशिरा मिळाला तर काय होतं, ते मी रोज बघतेच!

२०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा देश झाला. तरी २०१३ मध्ये तिथे आणि २०२३ मध्ये सुदानात पुन्हा लढाई पेटली. इमॅन्युएलनं कॅनडात टोरांटोला घर केलं. घर सोडावं लागलेली अशी कितीतरी कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत, आणि त्यांची मुलंही रॅप करतात.

गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, शत्रूबरोबर गाताना त्याचा आवाज कापला नसेल?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं? पोस्टकार्डावर लिहून पाठवा बरं.